गाणं बायकांनी उचललं पाहिजे

ज्या वर्षी मी लिहिणं सोडायचं ठरवलं, त्या वर्षी मी दापोडीत एका मावशींच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. नोकरी चाकणच्या एका कंपनीत, डिस्पॅच विभागात. सकाळी नाशिक फाट्यावरून कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी मोशी, भोसरीच्या गर्दीतून त्याच बसनं परत यायचं. बसमध्ये बाकीचे झोपत, मी मोबाईलवर कथा लिहीत असे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील कपड्यांच्या दुकानात नोकर, आईला सहीपुरतं लिहिता येतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. शाळेत एका बाईंनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "ही मुलगी लिहील." त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली. पदवी मिळाली, नोकरी लागली. आईवडिलांच्या लेखी इथं गोष्ट सुफळ संपूर्ण झाली होती. मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे, आता आणखी काय हवं? त्यांचं चुकत नव्हतं. म्हणूनच मला हे दुसरं काहीतरी हवं आहे, याची मनातून लाज वाटायची.

दिवाळी अंकांसाठी कथा उन्हाळ्यातच पाठवाव्या लागतात. मी दर वर्षी पाठवत होते आणि दर वर्षी त्या परत येत होत्या. परत येत होत्या म्हणणंही तसं खरं नाही. पूर्वी म्हणे 'साभार परत' असा शिक्का मारून लिफाफा तरी यायचा. मला बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. क्वचित एखादी ईमेल यायची, "आपल्या लेखनाला शुभेच्छा, यंदा जागेअभावी कथा घेता येत नाही." जागेअभावी हा शब्द मी इतक्यांदा वाचला की सगळ्या महाराष्ट्रात फक्त माझ्याच कथेपुरती जागा कमी पडते, असं वाटायला लागलं. मला नकार देणाऱ्या अंकाचं नाव मी पुन्हा काढत नसे. दुकानात तो दिसला तर तोंड फिरवून पुढं जात असे.

त्या वर्षी सगळीकडून नकार आला. जिच्यावर माझी सर्वांत जास्त भिस्त होती, ती कथाही गेली. दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरना सांगितलं की पुढच्या महिन्यापासून रविवारच्या ओव्हरटाइमला माझं नाव घाला. रविवार हाच माझा लिहिण्याचा दिवस होता. तोच देऊन टाकला की प्रश्न मिटला, असा माझा हिशेब.

मावशींना मी हे सहज बोलता बोलता सांगितलं. त्या दारात बसून शेंगा सोलत होत्या.

"रविवारी कंपनी? आन् तुझं ते लिवनं?"

"सोडलं मावशी. जमत नाही मला."

"कोन म्हनलं जमत न्हाई?"

"कुणी काही म्हणत नाही. तेच तर."

मावशींनी माझी समजूत काढली नाही. शेंगेची टरफलं सुपातून झटकत म्हणाल्या, "ह्या रविवारी चार वाजता विहारात ये. माझं गानं हाय."

मावशींबद्दल सांगायला हवं. त्यांनी बरीच वर्षं एका कंपनीत पॅकिंगच्या लाईनवर काम केलं होतं. मिस्टरही कंपनीतच होते. शिक्षण सातवी. पण एप्रिलमधल्या जयंतीसाठी दापोडीतल्या आमच्या वस्तीत जी नवी गाणी व्हायची, त्यातली निम्मीअधिक मावशींची असायची. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या कोऱ्या बाजूला त्या लिहायच्या. विनय वगैरे त्यांच्याकडे अजिबात नव्हता. "ह्या पट्ट्यात माझ्यासारखं गानं लिवनारी दुसरी बाई दाखव," असं त्या कुणालाही, अगदी भाजीवाल्यालाही, ऐकवत. मला त्यांचा हेवा वाटायचा. वाटायचं, यांना कुठं कुणी नकार देतंय.

रविवारी मी गेले. वंदना झाली, पुरुष आणि मुलं बाहेर पडली. पंधरा-वीस बायका मागं राहिल्या आणि गोल करून बसल्या. तिथली एक रीत मला त्या दिवशी कळली. नवं गाणं आधी या बायकांपुढं ठेवायचं. जिनं लिहिलं तिनं ते गायचं नाही, आणि त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. गायचं ते गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या ताईंनी, कारण त्यांचा आवाज मोठा आणि त्या कुणाच्याच बाजूच्या नाहीत. ताई ओळ म्हणतात आणि हात बायकांकडं करतात. बायकांनी आपणहून कोरस दिला तर गाणं जयंतीच्या स्टेजवर जातं. सांगून, आग्रह करून द्यायचा कोरस चालत नाही. नाही उचललं तर गाणं तिथंच संपलं, मग ते कुणाचंही असो.

ताईंनी मावशींचं गाणं म्हटलं, "ज्ञानाच्या क्षितिजावरती तेजाची पहाट". हात बायकांकडं केला. कुणी तोंड उघडलं नाही. ताईंनी पुन्हा म्हटलं. एकीनं पदर सारखा केला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मावशींची नणंद बोलली. ही नणंद त्यांच्या शेजारच्याच घरात राहायची आणि तिच्या जिभेला वस्ती वचकून असायची.

"वहिनी, ते क्षितिज कुठं आलं गं आपल्याकडं? रुळापलीकडं नुसता पूल दिसतो."

सगळ्या खो खो हसल्या. मावशींना बोलायला बंदी. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मलाच तिथून उठून जावंसं वाटलं. माझ्या नकारांना निदान पडदा होता. हा नकार पंधरा-वीस ओळखीच्या बायकांनी तोंडावर, हसून दिला होता.

बाहेर पडल्यावर मात्र मावशींनी तोंड सोडलं. "कळतं का तुमाला काय? तेज कशाशी खातात ते तरी म्हाईत हाय का?" नणंद म्हणाली, "खायचंच म्हनशील तर मंडईत चल. मेथी सस्ती झालीय." आणि माझ्या डोळ्यांदेखत मावशी, भांडत भांडतच, तिच्यासोबत मंडईत निघून गेल्या. जिनं गाणं पाडलं तिच्याच पिशवीचा एक बंद हातात धरून.

त्या पाठमोऱ्या दोघींकडं मी बघत राहिले. राग आला होता, तो मावशींनी लपवला नाही. पण त्या रागाला त्यांनी घरात राहायला जागा दिली नाही. दुसऱ्या दिवशी मी कंपनीत निघाले तेव्हा त्या जिन्याच्या पायथ्याशी कॅलेंडरचं पान मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी सेफ्टी शूजच्या नाड्या बांधत होते, त्या माझ्या पायांकडं एकटक बघत होत्या.

"काय झालं मावशी?"

"काय न्हाई. जा तू, बस चुकंल."

पुढच्या रविवारी त्यांनी मला बजावलं, "तुझी ती गोष्ट घिऊन ये. परत आलेली."

मी नको नको म्हटलं. एक तर तो माझा शेवटचा मोकळा रविवार होता, त्यानंतर ओव्हरटाइम सुरू होणार होता. आणि मला माझं हसं करून घ्यायचं नव्हतं. मावशी म्हणाल्या, "सोडनारच हायस ना? मग हसल्या तर तुझं काय जातंय?" मी पानं पिशवीत घातली.

आधी मावशींचं गाणं झालं. ताईंनी आवाज लावला:

"लेक निघाली कंपनीला, पायी बूट काळा,
हिच्या आईच्या पायांनी न्हाई पाहिली शाळा."

ताईंचा हात वर जायच्या आधीच बायकांनी "न्हाई पाहिली शाळा" उचललं. दुसऱ्या वेळी टाळ्या आल्या. नणंद सगळ्यांत मोठ्यानं गात होती. मी माझे पाय मागं घेतले. ते बूट माझे होते, आणि ती आईही माझीच होती. मावशींची आणि माझ्या आईची कधी भेट झालेली नव्हती. मी डोळे पुसले, तर शेजारची म्हणाली, "रडतीस काय, टाळी दे."

मग माझी पानं ताईंच्या हातात गेली. कथेला रीत लागू नव्हती, कारण आजवर तिथं कुणी कथा आणलीच नव्हती. पण ताईंना कागदावरचं वाचायची एकच पद्धत माहीत. त्यांनी सुरात वाचायला सुरुवात केली आणि पहिला परिच्छेद संपताच सवयीनं हात बायकांकडं केला. माझा तो परिच्छेद कातरवेळ, धूसर आभाळ आणि कारखान्यांच्या चिमण्यांतून झिरपणारा विषाद यांनी भरलेला होता. कोरस द्यायचा तर कशाचा देणार? दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. ताईंनी पुढं वाचलं, पुन्हा हात केला. एक बाई "गॅस बारीक करून येते" म्हणून उठली. मी मान खाली घालून बसले. एक नियम माझ्या फायद्याचा होता, मला काही बोलावं लागत नव्हतं.

गोष्ट एका नव्या मुलीची होती. कंपनीतला तिचा पहिला दिवस, कॅन्टीनमध्ये सगळ्या एका टेबलावर जेवायला बसलेल्या. खूप उशिरा, चार पानं उलटल्यावर, ते वाक्य आलं. ताईंनी ते तसंच सुरात वाचलं, "तिनं डबा उघडला, परत झाकला." आणि हात केला.

"परत झाकला," बायका म्हणाल्या.

मी मान वर केली. ताई पुढं वाचेनात. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली आणि या वेळी सगळ्यांनी दिली. "परत झाकला."

"का झाकला गं?" एका म्हातारीनं विचारलं.

"चटणीच आसंल नुसती," दुसरी म्हणाली.

"चटणीची कसली लाज? तिच्या डब्यात काय हाय ते बघून ही कुनाची कोन, ते वळखलं आसतं त्यांनी."

हे नणंद म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. तिनं मग तिच्या पहिल्या नोकरीतलं सांगितलं. आणखी एकीनं तिच्या मुलीचं सांगितलं, ती हल्ली हिंजवडीत काम करते. माझी उरलेली पानं ताईंच्या मांडीवर तशीच राहिली, ती कुणी वाचलीच नाहीत. मी लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं फक्त गरिबी होती, जात नव्हती. भाकरी आणि ठेचा बघून शेजारच्या मुली हसतील, इतकंच मला माहीत होतं. त्या एका ओळीत इतक्या बायकांचा डबा मावतो, हे मला त्यांनी दाखवलं. आणि माझ्या कथेची सुरुवात कुठं आहे तेही. शाळेत शाबासकी मिळवून देणारं आभाळ मी चार पानं ताणलं होतं आणि माणूस पाचव्या पानावर आणला होता.

घरी जाताना मावशी म्हणाल्या, "एक ओळ उचलली. पैल्या खेपेला लई झालं. माझं पैलं गानं तर ताईनं पुरं म्हनलंबी न्हाई."

सोमवारी मी सुपरवायझरकडं गेले आणि रविवारच्या ओव्हरटाइममधून माझं नाव काढायला सांगितलं.

"का हो मॅडम? घरी लग्नकार्य आहे का?"

"नाही सर, काम आहे."

आजवर मी लिहिण्याला काम असं कुणासमोर म्हटलं नव्हतं. सर "बरं" म्हणाले आणि पुढच्या गाडीचं चलान मागितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मी मात्र दिवसभर हलकी हलकी होऊन फिरत होते.

कथा मी डब्यापासून पुन्हा लिहिली. पहिली चार पानं टाकताना जिवावर आलं. ते आभाळ मला अजूनही आवडतं. मग ती एका अंकाकडं पाठवली. उत्तर आलं तेव्हा बस मोशीच्या चौकात अडकली होती. शुभेच्छा, क्षमस्व, जागेअभावी.

संध्याकाळी मी वर माझ्या खोलीत गेले नाही. मावशींच्या दारात त्या, नणंद आणि ताई मेथी निवडत बसल्या होत्या. मी बूट काढले आणि पायरीवर टेकले.

"परत आली," मी म्हटलं.

"कोन वाचतं तिथं?" नणंदेनं विचारलं.

"संपादक."

"एकटेच?"

"एकटेच असतील बहुतेक."

"अगं बाई! मग त्यांना कोरस कोन देनार? बिचारे."

ताईंना इतकं हसू आलं की मांडीवरची मेथी खाली सांडली. मीही हसले. नकार आला त्या दिवशी मी हसले, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. नकाराची थट्टा त्यांना मान्य होती, कामाची नव्हती.

"दुसरीकडं धाड ती," त्या म्हणाल्या. "आन् नवी कुठंय?"

नवी लिहिलेली नव्हती, पण मनात होती. माझ्या बसला रोज मोशीत चढणाऱ्या एका बाईची. मेथीची एक जुडी पुढ्यात ओढून मी सांगायला लागले. पहाटेचा रस्ता, धुक्यात विरघळणारे दिवे.

"थांब," नणंद म्हणाली. "दिवे ऱ्हाऊ दे. त्या बाईचं काय झालं ते सांग."

मी थांबले. आणि त्या बाईपासून सुरुवात केली.