बारीक आच

हे आजवर कुणाला बोललो नाही. आजारपणात नंदाच्या, माझ्या बायकोच्या, तोंडात फोड आले होते. डॉक्टरांनी मऊ अंडी द्यायला सांगितलं. ती मी तिला आईपासून चोरून खाऊ घालायचो.

आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. आई देवळात गेली की मी गॅलरीत स्टोव्ह पेटवायचो, लपवून ठेवलेलं वेगळं इडलीपात्र काढायचो, दुधात फेटलेली अंडी त्यात ओतायचो आणि आच मोठी करायचो. आई परतायच्या आत वास जायला हवा ना! अंडी टम्म फुगायची, मग बसायची. आत जाळी, बाहेर रबर.

"अहो, हे आपटलं तर टप्पा पडेल!" नंदा हसायची. मग डोळे घट्ट मिटून पाण्याबरोबर गिळायची. एकदा म्हणाली, "आईंना सांगूनच टाका ना."

"कशाला उगाच?" मी म्हणालो.

आता दोघीही नाहीत. आज ओट्यावर, अगदी बारीक आचेवर अंडी ठेवली. झाकण काढलं तर खरवसासारखी थरथरत होती. चमचा नुसता टेकला तरी तुटत होती. फोड आलेल्या तोंडातही विरघळली असती.

माझी माया खोटी नव्हती. पण भ्यालेल्या माणसाच्या हातून काही मऊ होत नसावं.

आईसमोर उभं राहून "नंदासाठी अंडी करतोय" एवढंच म्हणायचं होतं. ते एक वाक्य मी नंदाचं अजून देणं लागतो.