पांढऱ्या पँटवरचा नारिंगी डाग

“मागं फिर,” मॅडम म्हणाली.

मी फिरले नाही. कशाला फिरायचं तेच मला कळलं नाही.

“मागं फिर म्हटलं ना. बघू दे सगळ्यांना.”

मग फिरले. पॅकिंगचा पट्टा थांबवला होता. अकरा बाया माझ्या पाठीकडे बघत उभ्या होत्या. आमच्याकडे सगळ्यांना पांढरी पँट, पांढरा झगा, पांढरी टोपी. माझी पँट मागून पार घोट्यापर्यंत भिजली होती. आणि तो ओला डाग नारिंगी होता. भडक नारिंगी, लालाकडे झुकणारा.

एका मुलीची आई मी, आणि कामावर उभ्या उभ्या मुतले होते.

कुणी हसलं नाही. सगळ्या खाली बघत होत्या. मला लाज वाटायला हवी होती, पण लाजेला जागाच नव्हती. मनात एकच चाललं होतं, हे रक्त आहे, हे रक्त आहे, मी आता मरणार आणि माझ्या पोरीला कोण बघणार.

हे असं का झालं ते सांगते.

मी तुर्भ्याला एका औषधाच्या कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंगला होते. आमच्या लाईनवर एकच गोळी यायची, लघवीची जळजळ थांबवणारी. पट्ट्यावरून स्ट्रिप येते. आपण खोकं उघडायचं, त्यात स्ट्रिप सारायची, माहितीचा घडी घातलेला कागद सारायचा, खोकं पुढे ढकलायचं. दिवसभर तेवढंच. पाच वर्षं मी तो कागद खोक्यात सारला. वाचला एकदाही नाही. बारीक इंग्रजी अक्षरं, आणि वाचत बसलं तर पट्टा थांबतो का कुणासाठी?

मॅडम म्हणजे आमची सुपरवायझर, तिच्या टेबलामागे भिंतीवर खिळा होता. खिळ्याला प्लास्टिकचं लाल कार्ड. बाथरूमला जायचं तर ते कार्ड गळ्यात घालून जायचं. बारा बायांत एक कार्ड. ते खिळ्यावर नसेल तर थांबायचं. असेल तर झगा काढा, टोपी काढा, गोडाऊनला वळसा घालून मागच्या बाजूला जा, परत या, हात धुवा, पुन्हा सगळं चढवा. ऑफिसच्या पॅसेजमध्ये एक बाथरूम होतं, हाकेच्या अंतरावर. ते स्टाफचं. जरा उशीर झाला की मॅडम सगळ्यांसमोर विचारायची, “काय गं, गावाला जाऊन आलीस का?”

यावर आम्ही बायांनी आपला उपाय काढला होता. पाणी प्यायचं नाही. हे मी शिकले आईकडून. आई पूर्वी मार्केटात कांदे निवडायला जायची. एवढ्या हमालांसमोरून उठून जायची तिला लाज वाटायची. मी पहिल्यांदा कामाला लागले तेव्हा तिनं मला सांगितलं होतं, “पानीच प्यायचं नाय. प्यालं नाय तं लागत नाय.”

लागायची ती लागायचीच. वर जळजळ सुरू झाली. थेंब थेंब व्हायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. घरी सांगायची सोय नाही. बाईला तिथं काही झालं की बाईचंच काहीतरी चुकलेलं असतं, हे मी धरूनच चालले होते.

स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्याला हळूच सांगितलं. मागे दोन पुरुष उभे होते, म्हणून अर्धंच सांगितलं. तो म्हणाला, “समजलं, समजलं.” कात्रीनं स्ट्रिप कापून चार गोळ्या पुढे सरकवल्या. बिल नाही. सुट्ट्या गोळ्यांना कोण बिल देतं? मी बघितलं तर आमचीच गोळी. आमच्या लाईनची. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आपल्या हातची आहे, चांगलीच असणार.

आणि खरंच, रात्री घेतली, झोपेपर्यंत जळजळ गेली. देव पावला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमला बसले आणि खाली बघितलं. नारिंगी. भिंतीला हात टेकून तशीच बसून राहिले. बाहेरून पोरगी दार वाजवायला लागली, तिला शाळेला उशीर होत होता. मी पटापट पाणी ओतत गेले. तिनं बघू नये, आईनं बघू नये. मग तोंड धुऊन डबा भरला आणि कामावर गेले, कारण खाडा परवडत नव्हता आणि घरी बसून त्या रंगाचा विचार करायची हिंमत नव्हती.

त्या दिवशी कंबर ठणकत होती. जेवणाच्या सुट्टीत बाथरूमला रांग होती, माझा नंबर यायच्या आत घंटा झाली. मग पट्टा सुरू. खिळ्यावर कार्ड नाही. सुरेखाताई घेऊन गेलेली. ती आली, तर दुसरीनं उचललं. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मॅडम म्हणाली, “आत्ताच जेवण झालं ना? तेव्हा काय करत होतीस?”

पाय आवळून उभी राहिले. आणि मग झालंच. मला आजही आठवतं ते हे की हात थांबले नाहीत. पाय भिजत होते, बुटांत पाणी जात होतं, आणि हात चालू होते. खोकं, स्ट्रिप, कागद. खोकं, स्ट्रिप, कागद. इतकी मी त्यांची झाले होते.

तर मागं फिरवून मॅडमनं डाग निरखून बघितला. म्हणाली, “हा रंग मला माहितीय. आपलीच गोळी खाल्लीय हिने. कागदावर लिहिलेलं असतं, रंग बदलतो म्हणून. रोज भरतेस, वाचत नाहीस?”

म्हणजे रक्त नव्हतं! मला हायसं वाटलं. मी मरणार नव्हते. मी जवळजवळ हसलेच असणार, कारण ती भडकली.

“हसतेस काय? एक तर चोरी, वर दात काढतेस?”

मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. साहेबांनी आधी शिपायाला बोलावलं आणि माझ्या पायाखाली जुना पेपर अंथरायला लावला, फरशी खराब होऊ नये म्हणून. मी पेपरवर उभी. साहेब माझ्याशी बोललेच नाहीत, मॅडमशी बोलले, “वस्तीतल्या आहेत ना. यांना सवयच नसते.”

मी म्हटलं, मेडिकलमधून घेतली. ते म्हणाले, बिल दाखव. बिल कुठून दाखवणार? मग माझ्यापुढे कागद सरकवला. मराठीत टाईप केलेला, आधीच तयार. ‘मी कंपनीतील औषध परवानगीशिवाय घेतले. मला माफ करावे. पुन्हा असे करणार नाही.’

“सही कर, विषय संपव. काम चालू राहील.”

मी पेन हातात घेतलं. करणारच होते सही. पण पेन खाली पडलं आणि ते उचलायला वाकले तर कमरेतल्या कळेनं सरळ होता येईना. साहेब म्हणाले, “जा, बरी झालीस की येऊन कर.”

कमरेला ओढणी गुंडाळून घरी आले. तासाभरात थंडी वाजून ताप भरला. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. सकाळी आईनं रिक्षात घालून महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असेल. तिनं कमरेच्या वर दाबलं आणि मी किंचाळले.

ती म्हणाली, “त्या गोळीनं फक्त जळजळ थांबते. इन्फेक्शन नाही जात. तुम्हाला वाटलं बरं झालं, आणि ते वर चढलं. किडनीला सूज आहे. आणखी अंगावर काढलं असतं तर जिवावर बेतलं असतं.” तिनं दुसरं औषध लिहिलं, तपासणी लिहिली. “पाणी भरपूर प्या. लागली की लगेच जा, धरून ठेवू नका.”

“आणि जाऊ दिलं नाही तर?”

तिनं लिहिता लिहिता वर बघितलं. “कोण जाऊ देत नाही?”

पाच वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मला वाटायचं माझं अंगच कच्चं, मीच वेंधळी. कोण जाऊ देत नाही? माणसंच ना? नाव-आडनाव असलेली माणसं.

घरी आई म्हणाली, “सही कर बाय. काम जाईल. आमी नाय का अंगावर काढलं?”

मी तिला विचारलं, “आई, तुला होते का जळजळ?”

तिनं हातातलं भांडं पुसून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, “हाय ना. कवापासून हाय.”

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. एवढी वर्षं एका खोलीत राहून आम्ही दोघी गप्प होतो.

ताप उतरल्यावर कंपनीत गेले. साहेबांनी तोच कागद काढला.

“हे मी लिहिणार नाही,” मी म्हटलं.

“मग पोलिसात चोरीची तक्रार करू?”

पोलीस म्हटलं की आमच्याकडे अख्खी गल्ली दारं लावून घेते. पण तोंडातून निघून गेलं, “करा. ते विचारतील गोळी कुठून आणली. मी सांगेन गोळी का लागली. लाल कार्डासकट सांगेन.”

“बाहेर हो,” साहेब ओरडले.

बाहेर आले. समोर पॅसेज, त्यात स्टाफचं बाथरूम. मला लागली होती. मी सरळ आत गेले. शिपाई मागून ओरडला, “ओ बाई, ते स्टाफचं हाय!” मी कडी लावली. तो दार बडवत होता. मी बसले, सावकाश, पूर्ण होईपर्यंत. मग हात धुऊन बाहेर आले.

काम गेलं. सुरेखाताईचा फोन आला, शाबासकीचा नव्हता. “तुझ्यापायी आता आमच्यावर जास्त नजर ठेवतात,” म्हणाली. तिचंही खरं आहे. तिला दोन पोरं आहेत. मी तिला म्हटलं, कामगार ऑफिसात द्यायला तक्रारीचा अर्ज लिहिलाय, तुला सही करायची तर कर, नाही तर माझी एकटीची जाईल. एकटीचीच गेली.

आता दुसऱ्या ठिकाणी काम शोधते आहे. तिथंही मॅडम असेल, साहेब असेल. मला भीती वाटते. काम मिळेल का याची वाटते, पोलीस येतील याची वाटते, कंबर जरा दुखली तरी वाटते. ही भीती जाणार नाही, मला माहीत आहे. वाटू दे. पण मुतायला मी यापुढे कुणाला विचारणार नाही.