बाईंच्या गिटारचे पिकअप

कानसेनांच्या दुकानात तारांतली वीज तपासायचा मीटर होता, पण तो खोक्यातून बाहेर निघालेला कुणी पाहिला नव्हता. मुलाने पहिल्या पगारातून आणून दिलेला, म्हणून फळीवर मानाने ठेवलेला, इतकंच. "कान शाबूत असताना मीटर कशाला?" असं ते म्हणायचे, आणि बत्तीस वर्षं गिटार दुरुस्त करणाऱ्या माणसाने म्हटल्यावर समोरचा मान डोलवायचा. कानसेन हे नाव त्यातूनच पडलं होतं. तार छेडली की कुठला टाका सुटलाय, लाकूड कुठे उललंय, हे ते डोळे मिटून सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. निदान बरीच वर्षं तरी निघत होतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला टेबल, त्यावर झाळकामाची कांडी आणि स्क्रूच्या डब्या. दुसऱ्या बाजूला बाक. बाकावर दोघं ठरलेले. एक लंबू, संध्याकाळी हॉटेलात गिटार वाजवायचा, त्यामुळे दिवसभर मोकळा. दुसरे शेजारचे खिळेवाले, स्वतःचं दुकान मेहुण्यावर सोपवून इथे चहाला येणारे. दोघांचा एका पैचाही उपयोग नव्हता, पण ते नसले की कानसेनांना काम सुचत नसे. कसब दाखवायला कुणीतरी बघणारं लागतंच.

चार महिन्यांपूर्वी गाण्याच्या बाई आल्या, तेव्हाही हे दोघं बाकावर होतेच. बाई शाळेत गाणं शिकवायच्या. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या, बोलण्याआधी पदर सारखा करणाऱ्या. त्यांच्याजवळची गिटार अर्धपोकळ होती, म्हणजे मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही कुशी पोकळ, पोटावर वेलांटीसारखी दोन भोकं. थोरल्या भावाची. त्याचे हात थरथरायला लागल्यावर त्याने "आता तू वाजव" म्हणून बहिणीला दिलेली.

"काका, हे बटण फिरवलं की खरखर होते. तेवढी घालवून द्या."

कानसेनांनी गिटार स्पीकरला जोडली, तार छेडली, आणि कपाळाला आठी घातली. आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येत होता.

"बाई, खरखर सोडा. तुमचे पिकअपच मेलेत."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेल्या दोन डब्या. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की डबी ती थरथर विजेत बदलते आणि स्पीकरकडे धाडते. गिटारचा गळाच म्हणायचा तो.

"मेले म्हणजे? आवाज तर येतोय," बाई म्हणाल्या.

"येतोय, पण त्यात जीव नाही. नवे घालू. तुम्हीच निवडा."

निवडायची त्यांची रीत ठरलेली होती. गिऱ्हाइकाने भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं. कानसेन एकच तुकडा तीन गिटारींवर वाजवणार, तिन्हींचे पिकअप वेगळे. गिऱ्हाइकाने नुसता आकडा सांगायचा. डोळ्यांना पॉलिश भुलवतं, नाव भुलवतं, कान तेवढे खरं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांना काय लहर आली कोण जाणे, लंबूला डोळा घालून त्यांनी दुसऱ्या खेपेला बाईंचीच गिटार वाजवली.

बाई मान तिरकी करून ऐकत होत्या. म्हणाल्या, "दुसरी. दुसरीचा आवाज गोड आहे. पहिली ठीक. तिसरी मात्र... दातांना लागते."

बाकावर हशा पिकला. लंबूने मांडीवर थाप मारली. "बाई, दुसरी तुमचीच की! तीच मेलेली!"

"शाळेत नक्की काय शिकवता हो बाई?" खिळेवाले म्हणाले. "चित्रकला का?"

कानसेनांना हे तिथेच थांबवता आलं असतं. पण त्यांना चेव आला. "राहू द्या हो," ते म्हणाले. "लहान मुलांना गाणं शिकवायला एवढा कान पुरतो."

बाईही हसल्या. गाल लाल झाले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण हसल्या. आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल ते बसवा, काका."

त्यांनी तिसरे बसवले.

अर्धपोकळ गिटारचं हे काम म्हणजे सत्त्वपरीक्षा. मागे झाकण नसतं. आतली सगळी जोडणी त्या वेलांटीच्या भोकातून बाहेर ओढायची आणि तिथूनच परत आत सारायची. म्हणून आधी प्रत्येक बटणाच्या दांडीला लांब दोरा बांधायचा. चार बटणं, एक खटका, एक पिनेची खोबण, असे सहा दोरे. मग परतीच्या वेळी एकेक दोरा ओढला की एकेक दांडी आपल्या भोकातून मुकाट वर येते. लंबू ते बघत राहायचा. जुने पिकअप कानसेनांनी वर्तमानपत्रात गुंडाळले, वर पेन्सिलीने 'मेलेले' लिहिलं आणि खणात टाकले.

पुढे घरी कपडे धुवायच्या मशीनची शिट्टी बिघडली. धुणं झालं की ती वाजायची, ती वाजेनाशी झाली. कानसेनांनी रविवारची सकाळ घालवून मशीन उघडलं, आतली चकती बदलली, तरी वाजेना. बायको दारात उभी राहून काहीतरी म्हणाली आणि निघून गेली. तिकडे लंबू कुरकुरायला लागला होता. "काका, तुमच्याकडून आलेली गिटार हल्ली कानाला चावते." त्याला त्यांनी सुनावलं, "तुझ्या हॉटेलचा स्पीकर बदल आधी."

मग बायकोला ताप आला. कानसेनांनी तिच्या काखेत थर्मामीटर लावला आणि शेजारी बसून राहिले. तो वाजला की काढायचा. नात पलंगाच्या कडेला चित्र रंगवत होती.

"अहो, काढा की," बायको म्हणाली.

"वाजू दे."

"वाजला. दोनदा वाजला."

"बिघडलाय मग हा. मी इथे बसलोय की कानाजवळ."

नातीने रंगाची पेन्सिल खाली ठेवली. "आजोबा, केवढ्यांदा वाजतोय!"

कानसेनांनी थर्मामीटर काढला, परत चालू केला, स्वतःच्या काखेत लावला. मिनिटभर श्वास रोखून बसले. नातीने एकदम बोट वर केलं. "आता!" त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी थर्मामीटरवरचे आकडे वाचायचं नाटक केलं.

बऱ्याच वेळाने, नात बाहेर खेळायला गेल्यावर, ते बायकोला म्हणाले, "मशीनची शिट्टी बिघडलेली नव्हती."

"माहितीये मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही मशीन उघडून बसला होतात तेव्हा. दोनदा बोलले."

दुसऱ्या दिवशी कानसेन दुकानात तासभर आधी गेले. बाकावर कुणी नव्हतं. त्यांनी मीटर खोक्यातून काढला, त्यातला माहितीचा कागद वाचून त्याचं बटण लावलं, खणातली पुडी सोडली आणि मीटरची दोन टोकं पहिल्या पिकअपच्या तारांना टेकवली. आकडा आला. जेवढा यायला हवा तेवढाच. दुसऱ्याचाही. तार कुठे तुटलेली नव्हती, वेढा कुठे जळलेला नव्हता. दोन्ही पिकअप ठणठणीत होते. पुडीच्या कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'मेलेले'. तो कागद त्यांनी चुरगाळला, मग उलगडला, मग खिशात घातला.

आपल्याला वरचे बारीक सूर ऐकू येत नाहीत, म्हणून नीट वाजणारी गिटार आपल्याला दबलेली वाटली. आणि आपण जिला हसलो, तिने भिंतीकडे तोंड करून तीनपैकी बरोबर तीच निवडली होती. 'एवढा कान पुरतो.' हे वाक्य त्यांना दिवसभर आठवत राहिलं. आठवलं की झाळकामाची कांडी हातात तशीच राहायची.

शेवटी ते शाळेत गेले. गाण्याचा वर्ग चालू होता. दाराशी उभे राहून त्यांनी पाहिलं, बाईंच्या हातात सूर दाखवणारं छोटं यंत्र होतं. मुली गायच्या, बाई यंत्राकडे बघायच्या, मग पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारायच्या, "बरोबर लागला का गं?" ती मुलगी ऐटीत मान हलवायची.

कानसेनांचा जीव कानकोंडा झाला. बाई बाहेर आल्या, तर ते भलतंच बोलून बसले. "इकडून चाललो होतो. गिटार शनिवारी घेऊन या. तपासून देतो. नवं काम आहे ना, एकदा बघावं लागतं."

"किती काळजी घेता, काका," बाई म्हणाल्या.

भुईने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते कानसेनांना शाळेच्या जिन्यात कळलं.

शनिवारी दुपारी बाई आल्या. दोघंही बाकावर हजर. कानसेनांनी सकाळपासून मनात एक बेत शिजवला होता: खटका खराब आहे म्हणायचं, गिटार ठेवून घ्यायची, जुने पिकअप गुपचूप बसवायचे. बाईंना त्यांचा आवाज परत मिळाला असता आणि ह्यांची अब्रू झाकली गेली असती. बेत चांगलाच होता.

"खटक्यात जरा गडबड वाटते," त्यांनी सुरुवात केली.

"असेल," बाई म्हणाल्या. "मला काही कळत नाही, काका. तुम्हीच ऐका. दादा परवा फोनवर म्हणाला, ही माझी गिटार वाटत नाही. म्हटलं, दादा, तुझा नि माझा कान सारखाच. आपल्याला मेलेलंच गोड वाटतं." आणि त्या तशाच हसल्या, त्या दिवशी हसल्या होत्या तशा.

कानसेनांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. खिशातून तो चुरगाळलेला कागद काढून टेबलावर पसरला.

"बाई, पिकअप मेले नव्हते."

"म्हणजे?"

"मी मीटर लावून पाहिला. दोन्ही चांगले आहेत. कान माझा गेलाय." मग बाकाकडे न बघता, पण बाकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, "तुम्ही दुसरी निवडलीत, ती बरोबर होती. मी चूक होतो. आणि वर तुम्हाला हसलो."

खिळेवाल्यांचा कप बशीवर वाजला. लंबू हळूच म्हणाला, "म्हणजे काका, माझी गिटार चावत होती ती..."

"चावतच होती. आण परत."

बाईंनी तो कागद बोटाने सरळ केला. 'मेलेले' वाचलं.

"चार महिने," त्या म्हणाल्या, "मी नऊ वर्षांच्या पोरीला विचारून सूर लावतेय. माहितीये तुम्हाला?"

"पाहिलं मी."

"शाळेत आलात तेव्हा? आणि तेव्हा बोलला नाहीत?"

"नाही बोललो."

"मला वाटलं काळजीने आलात."

"हवं तर दुसरीकडून करून घ्या," कानसेन पुटपुटले. "खर्च माझा."

"का म्हणून? तुम्ही काढलेत, तुम्हीच बसवा." बाईंनी तोच स्टूल ओढला, भिंतीकडे नाही, टेबलाकडे तोंड करून, आणि बसल्या. "आत्ता. मी थांबते."

मग काम सुरू झालं. सहा दोरे बांधताना कानसेनांची बोटं दोनदा चुकली. एरवी अशा वेळी ते बाकाला माहिती पुरवायचे, आता मान खाली घालून गाठी मारत राहिले. खिळेवाले उठून जायला निघाले, तर बाई म्हणाल्या, "बसा हो. त्या दिवशी होतात, आज पण असा." ते बसले. जुनी डबी, तिच्या तारा, झाळ, भोकातून आत. एकेक दोरा ओढला, एकेक दांडी वर आली. खरखर करणारं बटणही साफ झालं. बाई मुळात आल्या होत्या तेवढ्याचसाठी.

शेवटी राहिली उंची. पिकअप तारांच्या जवळ घेतला की आवाज ठसठशीत येतो, लांब नेला की मऊ. दोन बाजूंचे स्क्रू फिरवून ते जुळवायचं असतं, केसभर इकडे, केसभर तिकडे, नुसत्या कानाने. मीटर इथे काही सांगत नाही. कानसेनांनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि थांबले. लंबूसमोर, खिळेवाल्यांसमोर, मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाई, कसं?"

बाईंनी तार छेडली. मान तिरकी केली.

"खाली घ्या थोडा. आणखी. नाही, जास्त झालं."

"आता?"

"किंचित वर. बस. तिथे."

बाईंनी दादाचा कुठलातरी तुकडा वाजवला. बाकावरचे दोघं ऐकत राहिले. कानसेनांना तो अजूनही गोधडीतूनच ऐकू येत होता. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यावरून काय ते समजून घेतलं.

गिटार पिशवीत घालून बाई दाराशी गेल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आभारही मानले नाहीत. पायरीवर थांबून म्हणाल्या, "काका, कानाच्या डॉक्टरकडे जा. आणि काकूंना बरोबर न्या. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला कुणीतरी हवं."

खिळेवाल्यांनी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. कानसेन मात्र "हो" म्हणाले. मग त्यांनी मीटर उचलला. खोकं खाली पडलं होतं, ते केराच्या डब्यात टाकलं, आणि मीटर टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवला.

"लंबू," ते म्हणाले, "जा, घेऊन ये तुझी चावरी."