मढ बेटावर आलेला पाट

गणपतीबरोबर पाटाचंही विसर्जन करणारा अख्ख्या गिरगावात मी एकटाच असेन! चौपाटीवर छातीभर पाण्यात उभा होतो. मूर्ती सोडली, पाट हातात... आता त्यावर ओंजळभर वाळू घेऊन घरी जायचं. तेवढ्यात मागून गर्जना आली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—" आणि मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "झालाच पाहिजे!" महाराष्ट्र काही तेव्हा झाला नाही. पाट मात्र गेला.

तो पाट सासऱ्यांनी लेकीला लग्नात स्वतः करून दिलेला. चारी कोपऱ्यांत कमळं. सासरे उंच, डोक्यावर कायम काळी टोपी; पेशानं कारकून, पण सुतारकामाचा भारी नाद. त्यातच उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गमावलेलं. सासरे वारूनही तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"बाबांची तेवढीच वस्तू होती हो," ही म्हणाली. "आता गणपती बसवायचा कशावर?" त्यानंतर घरात हसणं बंद.

भुतंखेतं मी मानत नाही — निदान दिवसाउजेडी तरी नाही. आणि हे घडलं ते दिवसाउजेडीच, हीच तर पंचाईत!

नाताळात ऑफिसातल्या डॉमनिकनं मढ बेटावर घरी बोलावलं. म्हटलं, हिचं मन रमेल. वर्सोव्याहून होडीनं खाडी ओलांडली. मी लागलो सांगायला — हा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, मग आपल्या मराठ्यांनी घेतला, मग इंग्रज आले. आता बघ, शेटजी अन् सिनेमावाले हवा खायला बंगले बांधतायत... माडांची सावली, मऊ वाळू, पाय भिजवत जाणारी लाट. ही एकदाची हसली, "किल्ल्याचं पुरे. वहाणा काढा आणि चला पाण्यात."

ओल्या पायांनीच डॉमनिकच्या घरी पोचलो. ओट्यावर त्याची म्हातारी आई. हिला बघून म्हणाली, "आली गो बाय? तुझा बापूस मघाशीच येऊन गेला."

"कोण?"

"उंच, काळी टोपीवाला. बोलला, लेक येतेय, तिला द्या. जेवून जा बोलले, तर थांबला नाय. दर्याकडे गेला."

आणि तिनं आतून पाट आणला.

चारी कोपऱ्यांत कमळं. मधोमध ओंजळभर ओली वाळू, वरून थापलेली. थापणाऱ्या हाताचा ठसा स्पष्ट होता... मधलं बोट अर्धं.

ही खाली बसून ठशावरची बोटं मोजायला लागली.

पाट लाटांनी आणला असेल, मान्य. पण लाजेपायी पाटाबद्दल मी डॉमनिकला चकार शब्द सांगितला नव्हता. होडीवाला म्हणाला, "काळी टोपीवाला? आज कुणी नाय आणला." बरं, तो ठसा? आजवर मला उत्तर मिळालेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा.

परतताना होडीत हिनं पाट मांडीवर घट्ट धरला होता. वाळू पदराच्या गाठीत. डॉमनिकचं घर दिसेनासं झाल्यावर डोळे पुसत म्हणाली,

"पुढच्या वर्षी पाट मी धरणार. तुम्ही खुशाल दोन्ही हात वर करून घोषणा द्या. बाबांना परत एवढ्या लांब यायला लावू नका."