खालून धुतलेली जीप

ती घटना आठवली की आजही मला एकट्यालाच हसू फुटतं. बायको आतून विचारते, काय झालं? मी म्हणतो, होडी. तिला तेवढं पुरतं. खुनाचे, दरोड्याचे तपास केले, पण त्यातला एकही आठवून बरं वाटत नाही. हा एकच असा, की कोणी विचारलं तर मी खुर्ची पुढे ओढून सांगायला बसतो. नावं मात्र सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच आहेत आणि मला अजून त्यांच्याकडची सुरमई खायची आहे.

अलिबागच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यावरचं एक ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. सकाळची हजेरी चालू असताना कोळीवाड्यातली एक बाई थेट माझ्यासमोर येऊन बसली. अख्खा वाडा तिला आक्का म्हणायचा, पुढे मीही म्हणू लागलो. रडणं नाही, आरडाओरडा नाही. म्हणाली, "सायेब, माजी होडी गेली. पुनवेला ती पाण्यात पायजे."

त्या एका होडीवर तिचं घर चालायचं. पौर्णिमेला नारळ वाहून होडी पाण्यात घालायची आणि हंगाम धरायचा. होडी नसेल तर नवऱ्याला परक्या बोटीवर खलाशी म्हणून जावं लागणार होतं, आणि त्याची कंबर आधीच कामातून गेली होती. आक्काचा जीव होडीपेक्षा त्या कंबरेत अडकला होता, हे मला तिच्या बोलण्यावरून लगेच कळलं.

चोरीचा गुन्हा दाखल केला आणि पंचनाम्याला निघालो. होडीचं इंजिन घरातच होतं. बिनइंजिनाची होडी कोण चोरणार? मी आक्काला तेच विचारलं, तेव्हा खरी हकीकत बाहेर आली.

या किनाऱ्यावर होडी वर-खाली करायची तर हाक मारायची पद्धत. हाक आली की वाडा दोरीला लागतो, आणि ओढणाऱ्यांना होडीवाल्याच्या घरी चहा-न्याहारी. पण हल्ली पोरं कंपन्यांत नाहीतर मुंबईला, आणि दोरीला उरले म्हातारे. म्हणून आक्काने लोहाराकडून दोन चाकांची ट्रॉली करून घेतली, होडी तिच्यावर चढवली, आणि आता ती ओढायला जुनी गाडी बघत होती. स्थळं यावीत तशा गाड्या येत होत्या. आतल्या गावच्या एका भातशेतकऱ्याचा ट्रॅक्टर, पेणकडच्या एका वाहतूकवाल्याचा पिकअप, आणि जुन्या गाड्या विकणाऱ्या एका तरुण एजंटची जीप. आक्काने तिघांनाही एकच अट घातली होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगळ्या वाड्यासमोर होडी वाळूतून ओढून दाखवायची, मग किमतीचं बोलायचं. मला ती अट फार आवडली. आमच्या खात्यात गाड्या घेताना असं कोणी करत नाही.

पंचनाम्याच्या वेळी आमची शोभा झाली ती वेगळीच. सरकारी गाडी वरच्या वाळूत रुतली, चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि हवालदार ढकलता ढकलता तोंडावर पडले. वाडा पोट धरून हसला. पण त्यातून एक गोष्ट मला समजली. खाली पाण्याजवळची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते, आणि वरची भुसभुशीत वाळू गाडीला गिळते. ट्रॉली आम्हाला बरोबर त्या दोन्हींच्या मधे, अर्धी पुरलेली सापडली. तिच्यावर होडी नव्हती.

दुपारी एका घरगुती लॉजवाल्याचा फोन आला. पहाटे पावसात त्याने किनाऱ्यावर गाडी जोरजोरात रेस केल्याचा आवाज ऐकला होता. गाडी दिसली नव्हती. मी तिन्ही गाडीवाल्यांना गाड्यांसकट ठाण्यात बोलावून घेतलं.

तिघांचे जबाब सारखेच. आम्ही घरी झोपलो होतो, साहेब. मी म्हटलं ठीक, आणि आवारात जाऊन गाड्यांखाली वाकलो. ट्रॅक्टरच्या पोटाला शेताचा चिखल. पिकअपखाली रस्त्याची काळी राड. जीप मात्र वरून, दारांपर्यंत, चिखलाने माखलेली आणि खालून लग्नाला निघाल्यासारखी स्वच्छ. भर श्रावणात गाडी कोणी धुवत नाही, आणि धुतली तर वरून धुतो. खालून धुतो तो एकच माणूस, ज्याची गाडी खाऱ्या पाण्यात गेली आहे. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून इकडचा कोणताही ड्रायव्हर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालचा भाग धुऊन काढतो. हात आपोआप नळाकडे जातो.

एजंटला खोलीत घेतलं, चहा मागवला. हात उचलायची मला कधी सवय नव्हती. एवढंच विचारलं, "गाडी खालून कशाला धुतलीस रे?" त्याने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घडाघडा बोलू लागला.

वाड्यासमोर फजिती नको म्हणून तो पहाटे गुपचूप तालीम करायला आला होता. उतारावर होडी मस्त निघाली, ओल्या वाळूवर तर पळाली. हा खूश. परत वर चढवताना मात्र भुसभुशीत वाळू लागली आणि सगळं अडलं. तेवढ्यात भरती आली. जीप वाचवायला त्याने ट्रॉली सोडून दिली, पाणी वाढलं, आणि होडी अलगद उचलली जाऊन खाडीकडे निघून गेली. हा घाबरून घरी पळाला.

एवढं सगळं कबूल केलं पठ्ठ्याने, पण शेवटी म्हणतो, "गाडी फस्क्लास आहे साहेब. फोर व्हील आहे, चारही चाकं ओढतात. वाळूच खराब होती." हवालदार तोंडावर टोपी धरून बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवशी होडी खाडीच्या आतल्या बाजूला, तिवरांच्या झाडीत चिखलात बसलेली सापडली. रंग खरवडला होता, बाकी अंग शाबूत. आक्काने तिच्यावर हात फिरवला आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं. पण तिथे ना ट्रॅक्टर पोचणार, ना जीप. मग पुन्हा जुनीच रीत. सणाला मुंबईहून आलेली पोरं, म्हातारे, बायका, सगळे दोरीला लागले. मीही बूट काढून उतरलो. एजंटचं काय करायचं म्हणून मी आक्काकडे पाहिलं.

"त्याला कोठडी नको सायेब," ती म्हणाली. "दोरीला लावा."

लावला. गुडघाभर चिखलात त्याने सगळ्यांपेक्षा जास्त जोर लावला. होडी सुटली, पाण्यावर डुलली आणि जो तो चिखलात फतकल मारून बसला. कोणी ओरडत होतं, कोणी गात होतं. मला तर आनंदाने काही सुचेना. आक्काने थर्मासमधला चहा आधी त्याच्या हातात दिला आणि शांतपणे विचारलं, "आता खरं सांग. कंची गाडी घेऊ?"

त्याने चहा एका घोटात संपवला. मग मान खाली घालून म्हणाला, "ट्रॅक्टर घ्या आक्का. माझ्या जीपचं फोर व्हील बंद आहे."

ठाण्यात जे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं, ते चिखलात बसून आपण होऊन सांगितलं. चोरीचा हेतू नव्हता, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, असा अहवाल मी लिहिला आणि प्रकरण बंद करायला कोर्टात 'क' समरी पाठवली. खाडीतून परत आणून रंगवलेली होडी पौर्णिमेला ट्रॅक्टरने एका दमात पाण्यात नेली. आक्काचा नवरा नवी टोपी घालून होडीत ताठ बसला होता, आणि मला मान म्हणून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलं होतं. दोरी ओढायची नव्हती, तरी आक्काने वाडाभर न्याहारी घातली.

नोकरीभर माणसांना बोलतं करायच्या युक्त्या शिकलो. या प्रकरणाने एक वेगळीच शिकवली. गुन्हा माणूस भीतीने कबूल करतो, पण आपल्या मालाची खोड तो कोणी आपलं मानलं तरच सांगतो. आक्काने त्याला आपल्या दोरीला लावून घेतलं होतं.

निवृत्त झाल्यावर मला एक जुनी गाडी घ्यायची होती. त्या एजंटकडेच गेलो. गाडीवरचं कव्हर काढायच्या आधीच तो म्हणाला, "साहेब, एसी थंड करत नाही आणि मागची काच अडकते."

मी तिथेच चावी मागितली.