पाखरं हाकलणाऱ्या आत्या

मालुबाई माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनी आयुष्यातली तीसेक वर्षं शेतातली पाखरं हाकलण्यात घालवली, आणि त्यांना मी पक्षी बघायला घेऊन गेले. ही अक्कल माझीच. नवरा कामासाठी हुबळीला गेलेला, टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये आत्यांना एकटं ठेवणं जिवावर आलं, आणि आमच्या पक्षीमंडळाची मुक्कामी सहल तर महिनाभर आधी ठरलेली.

सांबऱ्याला विमानतळाशेजारी त्यांचं शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं रान होतं. कणसात दाणा भरला की आत्या उजाडताच रानातल्या उंच माळ्यावर चढायच्या आणि गोफण घेऊन दिवसभर ओरडायच्या. सासरे म्हणायचे, हिच्या हाळीनं एखादं विमान माघारी वळायचं. आता त्या रानात ऊस आहे, उसाला राखण लागत नाही, आणि आत्यांचा आवाज फ्लॅटमध्ये मावत नाही. त्या गॅलरीतून भाजीवाल्याला बोलावतात तेव्हा शेजारच्या गल्लीतलाही थांबतो.

मंडळाचे प्रमुख बुद्धप्रिय सर. निपाणीला गणित शिकवून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. शिंक आली म्हणून त्यांनी एकदा मंडळातल्या ओमकारला अर्ध्या सहलीतून गाडीत बसायला पाठवलं होतं. काकतीच्या पलीकडे आमची मैत्रीण रचना हिच्या शेतालगत एक तलाव आहे. त्या एका तलावावर दिसलेल्या पक्ष्यांची यादी सर अकरा वर्षं करत होते. नव्व्याण्णव झाले होते. आणि पुढच्या आठवड्यात सर पुण्याला लेकीकडे, पारमिताकडे, कायमचे राहायला निघाले होते. म्हणजे शंभरावा पक्षी या सहलीत दिसला तर दिसला. सर हे बोलून दाखवत नव्हते, पण तंबू ठोकतानाही त्यांची मान वरच होती आणि तंबू दोनदा अंगावर पडला.

सकाळ मजेत गेली. आत्यांच्या हातात मी दुर्बीण दिली. त्या उलटी धरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नीट धरली, झाडावर रोखली आणि म्हणाल्या, "ह्यो पोपट. खातोय कमी, सांडतोय जास्त."

सरांनी सुगरण दाखवली. "लई सोज्वळ तोंड करून बसलीया," आत्या म्हणाल्या. "एकटी कवा यीत न्हाय. सगळी भावकी घिऊन येती."

"मालुआक्का, पक्षी पिकावरच्या अळ्याही खातात," सर म्हणाले.

"व्हय? आमच्या रानात कुणी अळीकडं ढुंकून बघितलं न्हाय."

प्रत्येक पक्ष्याचा गुन्हा त्यांना तोंडपाठ होता. एक बगळा तेवढा निर्दोष सुटला, कारण तो आपला मासे खात होता. मी हसून हसून दमले. सरांच्या मिशीतही थोडी हालचाल दिसली.

रचनानं यंदा हौसेनं दोन एकर शाळू पेरला होता. दुपारी चारच्या सुमाराला तलावावरून एक मोठा थवा त्या रानाकडे येताना दिसला. "भोरड्या," सर कुजबुजले. भोरड्या म्हणजे शाळूवर टोळीनं उतरणाऱ्या गुलाबी मैना. आसपास शाळूच नसल्यामुळे या तलावावर भोरड्या कधी आल्याच नव्हत्या. हा शंभरावा. पण पाठीचा गुलाबी रंग स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम सरांचाच. ते दुर्बिणीचं चाक फिरवू लागले.

तेवढ्यात आत्या उठल्या. माझ्या गळ्यातली ओढणी ओढली, तिची गोफण केली, त्यात ढेकूळ घातलं आणि "हाऽऽ हुर्रऽऽ" अशी हाळी दिली की रचनाचं कुत्रं बाजेखाली गेलं. थवा जागच्या जागी वळला आणि डोंगरामागं दिसेनासा झाला.

"एक दाना खाऊ दिला न्हाय," आत्या आनंदानं सगळ्यांना म्हणाल्या.

सर दुर्बिणीची काच पुसत राहिले. मी मात्र तोंड सोडलं. एवढं सांगून आणलं होतं, गप्प बसायचं म्हणून, आता सरांचं आयुष्यभराचं राहिलं, असं बरंच काही बोलले. आत्या पदर सावरून तंबूपाशी जाऊन बसल्या. त्यांचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली, पण तोंडातून गेलेलं गेलं होतं.

दिवस मावळताना भोरड्या परत आल्या आणि तलावाकाठच्या बाभळीत शिरल्या. नुसता कलकलाट. इतक्या दाट फांद्यांत रंग काही कळेना. सर थोडा वेळ घुटमळले, मग आत्यांपाशी गेले.

"मालुआक्का, एक हाळी द्या. एकदाच. उजेड आहे तोवर उठल्या तर दिसतील मला."

शिंकेला शिक्षा करणारे सर हे बोलत होते.

"न्हाय मास्तर," आत्या म्हणाल्या. "रातच्याला टेकलेलं पाखरू उठवायचं न्हाय. दिवसा हाकला की हवं तेवढं. सासूनं पयल्यांदा गोफण हातात दिली तवाच सांगितलं व्हतं."

सर लाल झाले. अकरा वर्षं ते आम्हाला हेच शिकवत होते.

"सकाळी उजडायच्या आधी या," आत्या हळूच म्हणाल्या. "आपसूक उठत्यात."

सकाळी आम्ही सगळे चादरी पांघरून आत्यांभोवती बसलो. आत्यांनी चक्क शब्द काढला नाही. पहिलं ऊन बाभळीच्या शेंड्यावर आलं आणि अख्खं झाड उडाल्यासारखा थवा उठला, आमच्या डोक्यावरून गेला. इतकं सुंदर मी फार कमी बघितलंय. आणि नेमक्या त्याच वेळी सरांचे डोळे भरून आले. चष्मा काढून, पुसून, दुर्बीण लावेपर्यंत आभाळ रिकामं.

"गुलाबी दिसली का?" सरांनी विचारलं. मी सरांकडेच बघत बसले होते. ओमकार मोबाईल शोधत होता, रचना चहा ओतत होती.

"डोकं काळं, पाठ गुलाबी," आत्या म्हणाल्या. "तीस वर्सं तोंडं बघितल्यात त्यांची. लिवा."

सरांनी वही उघडली. पेन बराच वेळ कागदाच्या वर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, शंभर, भोरडी. आणि पाहणाऱ्याच्या रकान्यात, जिथं नव्व्याण्णव वेळा स्वतःची सही केली होती, तिथं लिहिलं, मालुबाई, सांबरा.

आत्यांनी बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. "माझं नाव कशाला घातलंसा? मी तर हाकलणारी."

"मी अकरा वर्षं बघतोय आक्का," सर म्हणाले. "तुम्ही तीस."

आत्यांनी वही मांडीवर घेतली ती चहा निवला तरी परत दिली नाही.