कोवळी आजी

आमची आजी एकतिसाव्या वर्षी आजी झाली. डोक्यात एक पांढरा केस नाही, दात सगळे शाबूत. मला कडेवर घेऊन पांढुर्ण्याच्या बाजारातून ती अशी झपाझप चालायची की अनोळखी बायका हमखास विचारायच्या, "पह्यलंच का व हे?" मग ती थांबून, पदर सारखा करून सांगायची, "माहं नाई व, माह्या लेकीचं हाये. आजी होय मी इची." समोरचीचा विश्वास बसला नाही की तिला भारी आनंद व्हायचा. गल्लीत तिचं नावच पडलं, कोवळी आजी.

माझ्या बारशाला सौंसरहून माझ्या वडिलांची आई आली होती. तिनं चारचौघींत सुनावलं, "इहीनबाई, आता लेकीचा पाळणा हालून राहिला. तुमचा हालला तं आमाले तोंड दाखवाले जागा नाई." आजीचे दोन मुलगे जन्मताच गेलेले, हाताशी आली ती एकटी माझी आई. तरी त्याच दिवशी आजीनं आजोबांच्या खोलीतून आपलं अंथरूण उचललं आणि माजघरात आणून टाकलं. लेकीला सासरी टोमणे बसू नयेत, एवढंच तिच्या डोक्यात. कापसाची दलाली करणारे आमचे आजोबा म्हणाले, "बरं केलं. आता हेच नात माहा पोरगा." आजीनं ते खरं मानलं, आणि याचाच मला अजून राग येतो.

मी पाच वर्षांची असेन. एका नवऱ्याला दोन बायका चालणार नाहीत असा कायदा येणार, अशी तेव्हा बोलवा होती. माझे वडील सौंसरात कारकून. त्यांनीच सासऱ्याच्या कानावर घातलं, "मामाजी, कायदा येऊन राहिला. करायचं असन तं आताच उरकून घ्या." लोधीखेड्याची मुलगीही त्यांनीच पाहून दिली. आणि माझ्या आईची याला संमती होती. भाऊ नसलेल्या बाईला आईबापामागे माहेर उरत नाही, या धास्तीनं ती पोखरली होती.

लग्नाच्या दिवशी आजी घरात नको, म्हणून आईनं निरोप धाडला, पोरगी तापानं फणफणली, लवकर ये. आजी मिळेल त्या मोटारीनं सौंसरला आली, तर मी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होते. "सकाळीच उतरला व माय," आई म्हणाली. आजीनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. आईनं तिला चार दिवस ठेवून घेतलं. ती पांढुर्ण्याला परतली तेव्हा दारात एकोणीस वर्षांची पोर उभी होती, अंगाची हळदही उतरली नव्हती.

आजीनं तमाशा केला नाही. "आत चाल, उन्हात कायले उभी हायेस?" इतकंच म्हणाली. पण आजोबांशी ती पुन्हा कधी सरळ बोलली नाही. सुट्टीत मी तिथे गेले की, ते समोर बसलेले असले तरी ती मला सांगायची, "सांगजो त्यायले, पाणी तापलं." पुढे राज्यांची वाटणी झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही इकडेच राहिलो, त्यावरून ओट्यावर पुरुषांची रोज तणतण चाले. चहाचे कप ठेवता ठेवता ती एकदा म्हणाली, "मी तं चार दिवस लेकीकडे गेली होती. आली तं घर दुसऱ्याचं झालं होतं." आजोबा पान लावत बसले.

सवतीला मुलगा झाला. बाळंतपण आजीनंच केलं. आईला भाऊ मिळाला, दर भाऊबीजेला ती माहेरी येऊ लागली, आणि ओवाळायचं ताट आजी स्वतः लावून द्यायची. मी मॅट्रिकला असताना एकदा दोघीच संत्री सोलत बसलो होतो. मी विचारलं, "आजी, आजोबाच्या लग्नाचं तुले कधी समजलं?"

"सौंसरातच. तुह्या कपाळाले हात लावला तं थंडगार. माही लेक माह्यासंगं खोटं बोलून राहिली, म्हणजे घरी काई तरी होऊन राहिलं."

"मग आईले बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तं ती कोन्या तोंडानं माहेरी आली असती? तू बी बोलशीन नोको." मी मान हलवली. तिनं एवढ्यावर भागवलं नाही, माझ्याकडून कबूल करून घेतलं.

आजी गेली तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. तेराव्याला पंगती उठल्यावर आई डोळे पुसत म्हणाली, "मायले तापाचं खोटं शेवटपर्यंत समजलं नाई, थे एक बरं झालं." त्या 'बरं झालं'नं माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तिले पह्यल्या दिवसापासून मालूम होतं. तिनंच सांगतलं मले." आई हातातली परात धरून तशीच बसून राहिली.

त्यानंतर आई पांढुर्ण्याला गेली नाही. भाऊबीजेला मामा अजून निरोप धाडतो, आणि आई काहीतरी दुखणं सांगते. आजोबांनी, वडिलांनी, आईनं आजीला फसवलं, असं मी जन्मभर रागानं सांगत आले. पण तिनं मुकाट राहून लेकीसाठी जपलेलं माहेर मोडलं ते मी, तेही तिला शब्द दिल्यावर.